सभामंडपात माइक कुठे ठेवावा?

कळमनुरी तालुक्यातल्या एखाद्या गावात सप्ताह उठतो, काल्याचं कीर्तन होतं, पंगती बसतात आणि कुणीतरी तरुण मशीनवाल्याकडे पेनड्राइव्ह घेऊन जातो. सात दिवसांची कीर्तनं त्यात उतरवून घेतो. घरी जाऊन लावली की महाराजांचा शब्दन् शब्द ऐकू येतो. गायनाचार्यांची चालही ऐकू येते, कारण त्यांच्यापुढेही माइक होता. मृदंगाची शाई टणटणते, पण धूम हरवलेली असते. टाळ म्हणजे मागे कुठेतरी चाललेली सळसळ. आणि ज्यांनी ध्रुपद उचलून धरलं ते पंचवीस-तीस टाळकरी, ज्याने गजराला साथ दिली तो समोर बसलेला गाव, यांचा त्यात पत्ताच नसतो. एका माणसाचं प्रवचन जपून ठेवलं गेलं. कीर्तन राहूनच गेलं.

यात मशीनवाल्याची चूक काढण्यात अर्थ नाही. त्याने माइक ज्या कामासाठी लावले, ते काम चोख झालेलं असतं. एकाचा आवाज शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत पोचावा, यासाठी लावलेला माइक तोंडाच्या जवळ असावा लागतो आणि त्याने बाकी काही ऐकू नये हे बरं. नाहीतर लगेच शिट्टी वाजते. ध्वनिमुद्रणासाठीच्या माइकचं काम उलटं आहे. तिथे बसलेल्या चांगल्या श्रोत्याला जे ऐकू आलं, ते त्याने ऐकायचं आहे. ही दोन कामं एकाच माइककडून करून घेण्याचा प्रयत्न हेच आपल्याकडच्या बहुतेक निकस ध्वनिमुद्रणांचं मूळ आहे. म्हणून देवळाच्या, विहाराच्या, दर्ग्याच्या आणि घराच्या लहान जागांत आज कोणकोणते मार्ग वापरले जातात, कोणता कुठे लागू पडतो आणि कुठे फसतो, हे एकदा सगळं समोर मांडणं गरजेचं वाटतं. हिंगोलीपासून जवळच कयाधूकाठी नर्सी आहे. नामदेवांच्या नावाने कीर्तनाची सातशे वर्षांची परंपरा सांगणाऱ्या या मुलखात कीर्तनाचं ध्वनिमुद्रण नीट व्हावं, ही अपेक्षा मोठी नाही.

माइक यायच्या आधीपासून हा प्रश्न जागेचाच होता. १९०२ साली फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा गायिकेने एका कर्ण्याच्या तोंडाशी येऊन गायचं आणि साथीदारांनी मागे बसायचं, एवढीच सोय होती. आवाज कमी-जास्त करायला बटण नव्हतं. कोण किती अंतरावर बसतो, यावरच सगळा तोल ठरायचा. १९२५च्या सुमारास विजेवर चालणारा माइक आला आणि गायकाचं डोकं कर्ण्यातून बाहेर निघालं. पुढे १९३१मध्ये ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने दोन माइक एकाच बिंदूवर, पण वेगवेगळ्या दिशांना तोंड करून ठेवण्याच्या कल्पनेचं पेटंट मागितलं. डावीकडचा आवाज डावीकडे आणि उजवीकडचा उजवीकडे ऐकू येण्याची, म्हणजे आजच्या स्टिरिओची ती सुरुवात. १९४२मध्ये रडारच्या चाचणीसाठी उडालेल्या विमानाच्या अपघातात तो गेला, पण त्याची जोडी अजून वापरात आहे. कर्ण्याच्या काळातला धडा मात्र मधल्या काळात हातातून निसटला: आधी माणसं बसवायची, मग माइक. मिक्सरवर आठ-आठ बटणं आली, तेव्हा कोण कुठे बसलं आहे याकडे पाहणं बंद झालं.

जागेपासूनच सुरुवात करावी लागते. आपल्याकडे ‘सभामंडप’ या एका नावाखाली चार-पाच अगदी वेगळ्या जागा येतात. औंढा नागनाथसारखं जुनं दगडी देऊळ घुमतं; त्याचा गाभारा तर खाली उतरून, वाकून जावं लागेल इतका लहान, तिथे माइक ठेवण्याचा विचारच करू नये. गेल्या तीस-चाळीस वर्षांत गावोगाव झालेले मंडप स्लॅबचे, खाली फरशी, वर सपाट छत, दोन-तीन बाजू अर्धवट मोकळ्या. तिसरा प्रकार लोखंडी सांगाड्यावर पत्रे टाकलेला. चौथा कापडी मंडप, जो आवाजाच्या दृष्टीने मोकळ्या मैदानासारखाच असतो. आणि पाचवी जागा म्हणजे जुनं माळवदाचं घर: मातीच्या जाड भिंती, वर लाकूड आणि माती, आत धान्याची पोती आणि गोधड्या. या घराइतकी ध्वनिमुद्रणाला चांगली खोली शहरातला माणूस पुष्कळ पैसे घालून बांधून घेतो.

स्लॅबच्या मंडपाचं गणित एकदा मांडून पाहू. बारा मीटर लांब, आठ मीटर रुंद, चार मीटर उंच. म्हणजे ३८४ घनमीटर. फरशी आणि प्लास्टर आवाज जवळजवळ शोषतच नाहीत; आवाज बाहेर जातो तो मोकळ्या बाजूंमधून. अशी मोकळी जागा तीस चौरस मीटर धरली, तर रिकाम्या मंडपात टाळी वाजवल्यावर तिचा घुम पूर्ण विरायला साधारण १.६ सेकंद लागतात. साठ माणसं येऊन बसली की हाच काळ ०.९ सेकंदांच्या आसपास येतो, कारण माणसांचे कपडे आणि अंग आवाज पितात. म्हणून दुपारी रिकाम्या मंडपात ठरवलेली माइकची जागा रात्री चुकीची वाटू लागते. दुपारी ठरवलीच, तर रात्री ती थोडी मागे नेता येईल एवढी वायर मोकळी ठेवावी.

याच गणितातून दुसरा आकडा निघतो, आणि मला तो सगळ्यांत उपयोगी वाटतो. गाणाऱ्यापासून दूर जाता जाता एक अंतर असं येतं की थेट येणारा आवाज आणि भिंती-छतावरून फिरून येणारा आवाज सारखे होतात. त्यापलीकडे घुमच जास्त. वरच्या मंडपात हे अंतर रिकामं असताना ९० सेंटिमीटर आणि भरल्यावर सव्वा मीटरच्या आत भरतं. आपल्या कानांना याचा त्रास होत नाही, कारण दोन कान आणि मेंदू मिळून घुम बाजूला सारतात आणि डोळे त्यांना मदत करतात. माइकला हे जमत नाही. समोरचं ऐकणारा, पाठीमागचं कमी ऐकणारा कार्डिऑइड माइक वापरला, तर साधारण पावणेदोन पट अंतर परवडतं; म्हणजे दीड ते दोन मीटर. शेवटच्या खांबाला स्टँड बांधून, रेकॉर्डर वर ठेवून निश्चिंत होणाऱ्यांना घरी गेल्यावर विहिरीतून आल्यासारखा आवाज मिळतो, तो यामुळे.

आता मार्ग. सर्वांत सोपा मार्ग पेनड्राइव्हचा, म्हणजे मिक्सरमधून थेट वायर घेण्याचा. त्याचा एक गुण कबूल करायला हवा: शब्द स्वच्छ येतात. निरूपण जपायचं असेल, तर याहून चांगला मार्ग नाही. पण मिक्सरमध्ये कोण किती हे समोरच्या बॉक्सच्या गरजेने ठरलेलं असतं. टाळ मुळातच मोठे, म्हणून त्यांना माइक नाही. म्हणून ध्वनिमुद्रणात टाळ नाहीत. जे मंडपात सगळ्यांत जोरात वाजत होतं, तेच नेमकं गायब होतं. शिवाय इकोचं बटण. मशीनवाल्याने लावलेला इको मंडपातल्या घुमात मिसळून जातो, पण वायरीतून तो जसाच्या तसा उतरतो आणि नंतर काढता येत नाही.

दुसरा मार्ग शहरातल्या कार्यक्रमांतून आलेला: प्रत्येक साजाला आणि गळ्याला स्वतंत्र माइक, प्रत्येकाचा वेगळा ट्रॅक, मग घरी बसून जुळवणी. पैसे आणि हाताशी माणसं असतील तर हा मार्ग बळकट आहे. पण लहान जागेत एक अडचण येते. शेजारचा आवाज प्रत्येक माइकमध्ये शिरतो आणि एकच आवाज दोन माइकांमध्ये थोड्या वेळेच्या फरकाने येतो. गाणाऱ्यापासून एका माइकपेक्षा दुसरा ३४ सेंटिमीटर जास्त दूर असेल, तर आवाज तिथे एक मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही सारख्या प्रमाणात मिसळले की ५०० हर्ट्झचा स्वर पुसला जातो, मग १५०० चा, २५०० चा. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही. आवाज पोकळ झाला एवढं जाणवतं. यावर जुना नियम असा: माइक आपल्या गाणाऱ्यापासून जितका दूर, त्याच्या किमान तिप्पट दूर शेजारचा माइक असावा. चार मीटरच्या जागेत दाटीने उभ्या राहिलेल्या टाळकऱ्यांमध्ये हा नियम पाळणं अशक्य आहे. म्हणून तीस टाळकऱ्यांना सहा माइक लावण्यापेक्षा एक नीट ठेवलेली जोडी जास्त खरं ऐकवते.

तिसरा मार्ग या जोडीचा, आणि लहान जागेतल्या समूहगायनासाठी माझा कौल त्याच्याकडे आहे. जोडी कशी ठेवायची याचीही घराणी आहेत. दोन माइक एकमेकांवर, तोंडं नव्वद अंशांत फाकलेली, ही एक्स-वाय पद्धत. हातात मावणाऱ्या बहुतेक रेकॉर्डरांवर अशीच बसवलेली असते. फ्रेंच नभोवाणीने रूढ केलेल्या ओआरटीएफ पद्धतीत दोघांमध्ये १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन. डच नभोवाणीची पद्धत ३० सेंटिमीटर आणि ९० अंश. चहूबाजूंचं ऐकणारे दोन माइक अर्धा-एक मीटर अंतरावर ठेवण्याची ए-बी पद्धत सगळ्यांत भरदार वाटते आणि मृदंगाची धूम तीच सर्वांत चांगली देते. एक माइक समोर आणि दुसरा आडवा, दोन्ही बाजूंचं ऐकणारा, ही मिड-साइड पद्धत; तीत मंडप किती रुंद ऐकवायचा हे नंतर ठरवता येतं.

निवड करताना पुस्तकांत न सापडणारी एक गोष्ट आपण लक्षात घ्यायला हवी. आपल्याकडचं ध्वनिमुद्रण शेवटी ऐकलं जातं ते मोबाइलच्या एकाच स्पीकरवर किंवा ट्रॅक्टरवर अडकवलेल्या ब्लूटूथच्या डब्यावर. तिथे डावं-उजवं एकत्र होतं आणि दूर ठेवलेल्या माइकांच्या वेळेतला फरक लगेच बाधतो. ए-बीचं भरदारपण हेडफोनवर सुंदर, मोबाइलवर पातळ. एक्स-वाय आणि मिड-साइड एकत्र केल्यावरही शाबूत राहतात. म्हणून या भागातल्या ऐकणाऱ्यांसाठी मी या दोन्हींकडे झुकतो, आणि ओआरटीएफ मधला रस्ता म्हणून चालवून घेतो.

अंतराचाही हिशेब प्रत्येक पद्धतीत वेगळा. ओआरटीएफ जोडी साधारण ९५ अंशांचा पट्टा पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे पसरवते. टाळकऱ्यांचं अर्धवर्तुळ चार मीटर रुंद असेल, तर जोडी पावणेदोन मीटरवर ठेवली की दोन्ही टोकं बरोबर कानांच्या दोन्ही बाजूंना येतात. मघाशी घुमाच्या हिशेबातून आलेलं अंतरही तेवढंच होतं, हा चांगला योग. एक्स-वायचा पट्टा जवळपास दुप्पट रुंद, त्यामुळे तेवढ्याच अंतरावर तीच मंडळी मधोमध गोळा झाल्यासारखी वाटतात. हातातला रेकॉर्डर म्हणून आणखी पुढे, अर्धवर्तुळाच्या पोटातच न्यावा.

उंचीकडे फार कमी लोक लक्ष देतात. टाळ वाजतो छातीशी, गळा त्याच्या हातभर वर. माइक छातीच्या उंचीवर ठेवला, तर टाळ जवळ आणि गळा दूर. तोच माणसाच्या उंचीपेक्षा थोडा वर, सव्वादोन-अडीच मीटरवर नेऊन तोंडांकडे किंचित झुकवला, तर गळा जवळ येतो आणि टाळांचा चरचरीतपणा आपोआप निवळतो. बटणाने हे साधत नाही. टाळाचा ट्रेबल कमी करायला गेलं की शब्दांतली धारही जाते. बैठ्या भजनात हीच गोष्ट दीड मीटरवर साधते.

बॉक्स आणि भोंग्यांचं काय करायचं, हा कळमनुरीतला खरा कळीचा प्रश्न. विलायती पुस्तकं गृहीत धरतात की लहान जागेत ध्वनिवर्धक नसेल. आपल्याकडे पन्नास माणसांसाठीही असतो. जोडी टाळकऱ्यांकडे तोंड करून ठेवली की तिची पाठ श्रोत्यांकडे असते. कार्डिऑइड माइक बरोबर पाठीमागचं सर्वांत कमी ऐकतो. बॉक्स टाळकऱ्यांच्या रांगेच्या पुढे आणि तोंड श्रोत्यांकडे असेल, तर जोडीला त्याची पाठ आणि बाजू दिसते, थेट मारा होत नाही. समोरच्या भिंतीवरून परतणारा आवाज येतोच. समोर माणसं बसली असतील तर तो बराच मरतो. महाराजांच्या पायाशी त्यांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेला मॉनिटर मात्र जोडीच्या अगदी समोर येतो. त्याचा आवाज कमी करून घेणं आणि इको बंद ठेवणं, या दोन विनंत्या मशीनवाल्याला संध्याकाळीच कराव्यात. चहा घेता घेता केलेली विनंती मान्य होते. कीर्तन उभं राहिल्यावर केलेली होत नाही, आणि होऊही नये.

ध्वनिवर्धक शत्रूच मानायला हवा असंही नाही. कॅनडातल्या काउबॉय जंकीज या गटाने २७ नोव्हेंबर १९८७ रोजी टोरंटोच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये एका दिवसात जवळजवळ अख्खा अल्बम मुद्रित केला. मध्ये एकच माइक ठेवला होता आणि सगळे वादक त्याच्याभोवती, ज्याचा साज मोठा तो दूर, असे बसवले होते. गायिकेचा आवाज इतका हळू की तो साजांपुढे टिकेना. तेव्हा तो एका स्पीकरमधून सोडला आणि माइकने स्पीकरचा आवाज घेतला. हलक्या गळ्याच्या गायनाचार्यांसाठी हेच करता येतं. एक लहान बॉक्स टाळकऱ्यांच्या ओळीतच, माणसाच्या उंचीवर, उभ्या असलेल्या गायकाप्रमाणे ठेवायचा. जोडीला तो त्यांच्यातलाच एक वाटतो. चांगल्या जागी एकच जोडी किती काम करते, याचं दुसरं उदाहरण म्हणजे विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांचा ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’. १९९२मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बारा इथल्या एका प्रार्थनागृहात तो ब्लमलाइनच्या जोडीवर मुद्रित झाला आणि पुढे त्याला ग्रॅमी मिळालं.

ब्लमलाइनची ती मूळ जोडी पुढचं जितकं ऐकते, तितकंच मागचं ऐकते. टाळकरी आणि श्रोते यांच्या सीमेवर ती ठेवली, तर ध्रुपद समोरून आणि गावाची साथ मागून, दोन्ही पूर्ण येतात. कीर्तनाच्या स्वभावाला याहून जुळणारी पद्धत मला माहीत नाही. तिचं वैर फक्त बाजूच्या बॉक्सशी. कडेने आलेला आवाज ती गोंधळवून टाकते. म्हणून ती वापरायची वेळ काकड्याची. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक लावायचा नसतो. वर्षातल्या मोजक्या दिवसांना मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते, पण पहाट त्यात बसत नाही. पहाटे मंडपात दहा-पंधरा माणसं, एक पेटी, एक मृदंग. रस्त्यावर गाड्या नाहीत, पंखे बंद, वीज असली-नसली तरी फरक नाही. सप्ताहातलं एकच काही मुद्रित करण्याइतकी सवड असेल, तर ते काकडा भजन असावं, असं मी आग्रहाने म्हणेन. गर्दीच्या काल्याच्या कीर्तनाकडे सगळे रेकॉर्डर वळतात आणि पहाटेच्या जुन्या चाली, ज्या फक्त म्हाताऱ्यांना येतात, त्या कुणाच्याच संग्रहात नसतात.

जोडीच्या भरीला एक-दोन जवळचे माइक, हा चौथा मार्ग. व्यवहारात बहुतेक वेळा इथेच यावं लागतं. जोडी चित्र देते. जवळचा माइक त्यातला अस्पष्ट चेहरा थोडा उजळतो. यात दोन गोष्टी सांभाळायच्या. जवळच्या माइकचा आवाज कळेल न कळेल इतकाच मिसळायचा. आणि वेळ जुळवायची: जोडी दोन मीटर दूर असेल तर तिचा आवाज सहा मिलिसेकंद उशिरा येतो, तेव्हा संगणकावर जवळचा ट्रॅक तेवढा मागे सरकवायचा. अंतर आधी टेपने मोजून वहीत लिहून ठेवलं की घरी अंदाज करत बसावं लागत नाही.

जवळचा माइक द्यायचाच तर आधी मृदंगाला. त्याची दोन तोंडं दोन दिशांना. शाईच्या तोंडाशी माइक ठेवला तर कणकेची धूम जाते, उलट केलं तर बोल जातात. एकच माइक असेल, तर समोरून, खोडाच्या मध्याकडे तोंड करून, हातभर अंतरावर ठेवावा, शाईकडे किंचित कललेला. दोन असतील तर एकाची फेज उलटी करून दोन्ही पर्याय ऐकावेत आणि ज्यात धूम भरते तो ठेवावा. पेटीचं दुखणं वेगळं. पेटी वाजवत गाणाऱ्या बुवांच्या तोंडासमोर वरून माइक आणला, की त्याचं तोंड बुवांबरोबर पेटीकडेही होतं आणि पेटी गळ्यावर चढते. तोच माइक पेटीच्या वरच्या कडेजवळून वर, हनुवटीकडे तोंड करून ठेवला, तर पेटी त्याच्या पाठीमागे जाते. एवढ्या बदलाने गळा आणि पेटी वेगळे होतात. भात्याचा फुसफुसाट टाळायला माइक भात्याच्या रेषेत नसावा. विणेकऱ्याची वीणा कुठल्याच पद्धतीत नीट येत नाही. तिचं काम सूर धरून ठेवण्याचं आहे आणि ते जोडीत हलकेच जाणवतं, तेवढं पुरे.

वारकरी मंडपाबाहेरचे प्रकार वेगळी मांडणी मागतात. पोवाड्यात शाहीर पुढे, झीलकरी मागे, डफ मोठा, तुणतुणं लहान. इथे शाहिरांनीच एका माइकवर जमायची कला कमावलेली आहे. कुणी कधी पुढे यायचं, कधी मागे सरायचं, हे त्यांना माहीत असतं. त्यांच्यापुढे एक चांगला माइक ठेवावा आणि त्यांच्या सवयीत ढवळाढवळ करू नये. गोंधळात संबळाला दूर आणि तुणतुण्याला जवळ आणलं की अर्धं काम झालं. उरुसातल्या कव्वालीत टाळी हाच एक साज आहे. मागच्या रांगेची टाळी आणि झील यावी म्हणून जोडी मुख्य कव्वालांच्या पेटीपासून दीड मीटर पुढे आणि बरीच वर हवी. बुद्ध विहारात, जयंतीच्या दिवसांत भीमगीतांचे कार्यक्रम होतात, त्यात कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड असतात. या वाद्यांना बॉक्सशिवाय आवाजच नाही, त्यामुळे इथे मिक्सरची वायर घ्यावीच लागते आणि जोडी श्रोत्यांच्या साथीसाठी ठेवावी लागते. वामनदादा कर्डकांची गाणी लोक गायकाच्या तोंडून काढून घेऊन स्वतः गातात. वायरीतल्या ध्वनिमुद्रणात ते लोक नसतील तर गाण्याचं अर्धं आयुष्य कापलं जातं.

सगळ्यांत लहान जागा घरातली, जात्याची. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या पुष्कळ ध्वनिमुद्रित केल्या, आणि आता त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यात आहे. हिंगोली १ मे १९९९ पर्यंत परभणीचाच भाग होता, तेव्हा तो आवाज आपल्याच मुलखाचा. ओवी मुद्रित करताना जात्याची घरघर ठेवायची की टाळायची, यावर दोन मतं आहेत. शब्द हवे असतील तर जातं थांबवून गायला सांगतात. पण दळताना ओवीचा श्वास हाताच्या फेऱ्याशी बांधलेला असतो. जातं थांबलं की चालही बदलते. मी जात्यासकट घ्यावं या मताचा आहे. माइक जमिनीवरच्या स्टँडवर ठेवला तर दगडाची थरथर जमिनीतून चढते, म्हणून स्टँडखाली घडी घातलेली गोधडी ठेवावी. माइक बायांच्या तोंडाच्या उंचीवर, हातभर अंतरावर, दोघी समोरासमोर असतील तर त्यांच्या मधल्या रेषेच्या बाजूला. आणि घरातला फ्रिज तेवढा वेळ बंद.

साधनांबद्दल थोडक्यात. फोननेही चांगलं काम होतं, पण त्याची आवाज आपोआप कमी-जास्त करण्याची सोय आधी बंद करावी लागते. नाहीतर टाळाच्या प्रत्येक ठोक्यानंतर गळा दबतो आणि पुन्हा वर येतो. आवाजाची पातळी गजरावर लावावी, अभंगाच्या पहिल्या ओळीवर लावू नये. गजरात काटा उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ नये, म्हणजे काल्याच्या जल्लोषाला जागा उरते. रेकॉर्डर बॅटरीवर चालवावा, म्हणजे रोषणाईच्या माळांची आणि जनरेटरची ५० हर्ट्झची गुणगुण वायरीतून आत येत नाही. पंख्याचा वारा माइकवर येत असेल तर स्पंजची टोपी हवी. खालचे स्वर कापण्याचं बटण फक्त बोलण्याच्या माइकवर लावावं. जोडीवर लावलं की मृदंगाची धूमच कापली जाते. पत्र्याच्या मंडपात श्रावणातला पाऊस आला, तर माइक जवळ नेण्यापलीकडे उपाय नाही, आणि तोही अपुराच.

जाणकारांमध्ये शेवटी एक जुना वाद उरतोच. काहींच्या मते प्रत्येक आवाज वेगळा घेतला पाहिजे, कारण नंतर काय हवं होतं हे आधी कळत नाही. दुसऱ्यांच्या मते नंतर जुळवलेलं गाणं त्या रात्री त्या मंडपात कधी झालंच नव्हतं. पैसे देऊन ऐकायच्या अल्बमसाठी पहिलं मत मला पटतं. पण गावच्या मंडळींचं भजन पुढच्या पिढीसाठी ठेवायचं असेल, तर त्यांनी एकमेकांचं ऐकून साधलेला तोल हीच जपायची वस्तू आहे. कुणाचा गळा मोठा म्हणून तो मागे उभा राहतो, नवख्या पोराला मृदंगाजवळ उभं करतात. ही वर्षानुवर्षांची मांडणी म्हणजेच त्यांचं मिक्सिंग. ती तशीच घेण्यासाठी जोडी लागते.

पावलीला मात्र अजून कुणाकडे पक्कं उत्तर नाही. टाळकरी रांगेने पुढे येतात, मागे सरतात, वळतात, आणि पावणेदोन मीटरवरचा स्टँड नेमका त्यांच्या वाटेत येतो. बाजूला घेतला तर एकच रांग ऐकू येते, मागे नेला तर घुम. स्लॅबच्या मंडपात पंख्याच्या हुकाला, पत्र्याच्या मंडपात कैचीच्या पाइपला जोडी टांगणं हा आतापर्यंत सापडलेला त्यातल्या त्यात बरा मार्ग. तीन मीटर उंचीवर, तोंडं खाली-पुढे, एक दोरी धरायला आणि दुसरी पडली तर सांभाळायला. वायर खांबावरून चिकटपट्टीने उतरवायची, म्हणजे बायकांच्या बाजूला कुणाच्या पायात येत नाही. यासाठी तो एक पंखा उतरवावा लागतो आणि उन्हाळ्यातल्या सप्ताहात देवस्थानची मंडळी त्याला सहज तयार होत नाहीत, म्हणून हे बोलणं मंडप सजायच्या आधीच करून ठेवावं.